मी गुप्त ग्राहक आहे, विहीणबाई

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य पत्राची सुरुवात करायची म्हणून लिहिलेलं नाही, या पत्राचा मुद्दाच तो आहे. मागच्या रविवारी तुम्ही फोन केलात आणि एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला घास भरवावा तसं मला विचारलंत, "मला ओळखलंत ना?" त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की तुमच्या जावयांनी तुमच्या कानावर काहीबाही घातलेलं आहे. विहीणबाई, मी तुम्हाला ओळखलं. लग्न ठरवायच्या बैठकीत आमच्याकडे खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा तुम्ही व्याह्यांच्या कानात जे बोललात तेसुद्धा मला शब्दन्‌शब्द आठवतंय. तेव्हा माझ्या स्मरणशक्तीची काळजी नसावी. व्याह्यांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, डॉक्टर बदलण्याआधी उशी बदलून बघा. (गाद्या-उशांच्या बाबतीत माझा शब्द आता ऐकण्याजोगा आहे. का ते पुढे येईलच.) तुमच्या गुडघ्याला जिना सोसत नाही असं सूनबाई म्हणत होती. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, एवढं लिहून ठेवते.

आता सविस्तर सांगते. तुम्हाला माहीतच आहे, मी सगळी नोकरी बस आगारातल्या चौकशीच्या खिडकीत काढली. निवृत्त झाले, यांच्यामागे घरात एकटी कशाला राहायची म्हणून मुलानं मला इथे आणलं. घर चांगलं आहे, आठव्या मजल्यावर आहे, खिडकीतून समोरच्या आठव्या मजल्याची खिडकी दिसते. सकाळी ही दोघं कामाला गेली की दार लागायचा आवाज होतो आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत फ्रिजशिवाय कुणी आवाज करत नाही. जन्मभर जिला लोकांनी "गाडी कधी सुटणार?" असं विचारलं, तिला दिवसभर कुणी काहीच विचारायचं नाही म्हणजे काय होतं, हे तुम्हाला कळणार नाही. (तुमच्या घरी माणसांचा राबता आहे. दृष्ट लावत नाही, नुसतं सांगतेय.) मग मी बाहेर पडायला लागले. एकदा एका मोठ्या दुकानात छत्री घ्यायला गेले, तर काउंटरवरची मुलगी माझ्याकडे न बघता भिंतीला बोलावं तसं बोलली. मी तिच्यावर चिडले नाही, तिला समजावून सांगितलं. खिडकीच्या आतल्या माणसानं बाहेरच्या माणसाकडे एकदा तरी बघावं, त्यानं अर्धं भांडण वाचतं, असं काहीतरी. वेळ थोडा जास्त लागला असेल, कारण मागे रांग लागली. त्या रांगेत उंच टाचांच्या बुटातली एक बाई होती. तिनं बाहेर मला गाठलं आणि विचारलं, "काकू, हेच काम पैसे घेऊन कराल का?"

ही टाचवाली एका एजन्सीची साहेबीण निघाली. मोठमोठ्या दुकानांचे मालक त्यांना सांगतात, आमच्या दुकानात तुमचं माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवा आणि आमची माणसं नीट वागतात का ते बघून आम्हाला कळवा. याला गुप्त ग्राहक म्हणतात. जायचं, वस्तू बघायची, काही ठरलेले प्रश्न विचारायचे, कधी वस्तू विकत घ्यायची आणि दोन दिवसांनी परत करायची, आणि घरी येऊन सगळं लिहून पाठवायचं. अटी दोनच. कुणाच्या लक्षात राहायचं नाही, आणि कुणाला सांगायचं नाही, घरच्यांनासुद्धा. मी तिला म्हटलं, पहिल्या अटीची काळजी करू नका, माझ्या वयाच्या बाईकडे तसंही कुणी बघत नाही. आणि दुसरीची तर मुळीच नको. आगारात कोणता ड्रायव्हर कोणत्या कंडक्टरणीशी लग्न करणार आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि सगळ्यांच्या शेवटी माझ्या तोंडून निघायचं.

सुरुवातीला थोडं इकडेतिकडे झालं, नाही असं नाही. बुटांच्या दुकानात विक्रेत्यानं मला जोड दाखवला आणि गप्प उभा राहिला. खरं म्हणजे एवढंच लिहून द्यायचं होतं. पण मला राहवलं नाही. मी त्याला खाली बसायला लावलं, मी विक्रेती झाले, तो गिऱ्हाईक, आणि बूट कसा दाखवावा ते करून दाखवलं. तेवढ्यात एक खरं गिऱ्हाईक आलं आणि माझ्याकडून दोन जोड घेऊन गेलं. टाचवालीनं मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की आपण तपासायचं असतं, सुधारायचं नसतं. मला ते पटलं नाही, पण नोकरीत वरिष्ठांचं ऐकावं लागतं.

जिमची गोष्ट मात्र तुम्ही ऐकली असेल, कारण तिचा फोटो निघाला. तिथे मी नाव नोंदवायची चौकशी करायला गेले होते. एजन्सीची सूचना अशी की मदत मागायची नाही, कर्मचारी आपणहून मदत करतात का ते बघायचं. तिथल्या मास्तरनं मला चालायच्या पट्ट्यावर चढवलं, बटण दाबलं आणि त्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. विहीणबाई, तो पट्टा थांबवायचा कसा हे मला माहीत नव्हतं आणि विचारायची मला मनाई होती. मी चालत राहिले. खांद्याला पर्स, हातात छत्री, पायात चपला. शेजारच्या पट्ट्यावरची माणसं आली, घामाघूम झाली, गेली. मी चालतेच आहे. आगारात मी गाड्या उशिरा आल्याबद्दल लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, त्यापुढे हे काहीच नव्हतं असं मी स्वतःला समजावत होते. मास्तर परत आला तेव्हा त्याच्या हातातला फोन पडायचा राहिला. त्यानं पट्टा थांबवला, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझा पाय अजून हवेत चालतोय तोवर माझा फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी तो जिमच्या काचेच्या दारावर लागला, खाली लिहिलेलं, 'ही जिद्द तुमच्यात आहे का?' म्हणजे कुणाच्या लक्षात राहायचं नाही, या अटीचं काय झालं ते तुम्ही समजून घ्या. माझ्या रिपोर्टचं मात्र एजन्सीत कौतुक झालं. मदतीची इतकी मनापासून वाट आजवर कुणी पाहिली नव्हती म्हणे.

तो फोटो तुमच्या जावयांनी ऑफिसला जाताना बघितला. घरी येऊन त्यांनी मला हळूच विचारलं, आई, तू जिमला जातेस का? मी म्हटलं, छे. (अट म्हणजे अट.) त्यांचा चेहरा उतरला. मग किटलीचं झालं. मी एका दुकानातून विजेची किटली आणली होती, दोन दिवसांनी ठरल्याप्रमाणे परत केली. संध्याकाळी मुलगा म्हणाला, इथे किटली होती ना? मी म्हटलं, कोणती किटली? मग टेबलावरचा दिवा आला आणि गेला, एक प्रवासी बॅग आली आणि गेली, आणि दर वेळी मी तोंड उघडलं नाही. गुपित कसं सांभाळावं याचा तो नमुना होता, पण दुर्दैवानं स्मरणशक्ती गेलेलं माणूसही नेमकं तसंच वागतं. एके दिवशी सकाळी उठले तर स्वयंपाकघरात सगळीकडे चिठ्ठ्या चिकटवलेल्या. 'चमचे'. 'मीठ'. 'साखर'. गॅसवर 'हा बंद करायचा'. माझ्या खोलीच्या दारावर 'आईची खोली'. मला इतका राग आला की त्या चिठ्ठ्या मी सगळ्या नीट वाचल्या. साखरेची मिठावर लावलेली होती.

नंतर मला डॉक्टरांकडे नेलं. (स्वागतकक्षातल्या मुलीनं हसून नाव विचारलं, बसायला जागा दिली, उशीर होणार असल्याचं आपणहून सांगितलं. सवय लागली की सुटत नाही.) डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता. सांगितला. काल दिवसभर काय केलं? आता काल दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात, आपल्याला दूरचं दिसत नाही असं दाखवत बसले होते. ते सांगता येईना. मी म्हटलं, तसं काही विशेष नाही. परवा? मी म्हटलं, परवाही नाही. डॉक्टरांनी बराच वेळ लिहिलं आणि मला बाहेर बसवून या दोघांना सांगितलं की त्यांना विरोध करू नका, त्यांच्या कलाने घ्या. दार पुरतं लागलेलं नव्हतं, मला सगळं ऐकू आलं. कानही शाबूत आहेत, हेही तुमच्या माहितीसाठी.

तेव्हाच सांगून टाकायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण खरं सांगू का, त्या कामामुळे मला सकाळी उठून जायला कुठेतरी होतं. सांगितलं की ते सुटणार. मी विचार केला, आणखी थोडे दिवस.

आता तुमच्या लेकीकडे येते. ती ज्या फर्निचरच्या कंपनीत आहे, त्या कंपनीनं आमच्या एजन्सीला काम दिलं. टाचवालीनं मला सूनबाईचंच दुकान दिलं होतं. मी ताबडतोब सांगितलं, तिथे माझी सून आहे, मला दुसरं द्या. (नीतीचा प्रश्न आला की मी अशी आहे.) तिनं मला शहराच्या दुसऱ्या टोकाचं, पुलापलीकडचं दुकान दिलं. दोन बस बदलून गेले. दार ढकललं, तर समोर गळ्यात ओळखपत्र घालून तुमची लेक उभी. तिथला मॅनेजर रजेवर होता म्हणून त्या दिवसापुरतं तिला तिकडे पाठवलं होतं. ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की मागे फिरले तर बरं दिसणार नाही. आणि तिला काय कळलं असेल, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सासूबाई घरातून निघाल्या आणि भरकटत पूल ओलांडून इथवर आल्या.

ती धावत आली, माझा हात धरला आणि म्हणाली, आई, तुम्ही इथे कशा? मी म्हटलं, मला गादी बघायची आहे. दुसरं काय म्हणणार? तिच्या मागे एक जाडजूड गृहस्थ उभे होते. त्यांचं नवीन हॉटेल होतं आणि सगळ्या खोल्यांसाठी त्यांना गाद्या घ्यायच्या होत्या. असं गिऱ्हाईक वर्षातून एखादं मिळतं, आणि गेले काही महिने सूनबाईच्या कंपनीत कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं याची कुजबुज चालली होती, हे मला घरी कानावर पडून माहीत होतं. तिनं त्या गृहस्थांना सांगितलं, तुम्ही जरा थांबा, या बाई आधी आल्या आहेत. मी आधी आले नव्हते, विहीणबाई. ते आधी आले होते.

मग तिनं मला गाद्या दाखवल्या. घाई नाही, कपाळाला आठी नाही. ही मऊ, ही कडक, ही पाठीला बरी. तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता, आई? मी म्हटलं, डाव्या. तिनं माझ्या चपला स्वतः बाजूला ठेवल्या, मला एका गादीवर निजवलं आणि काठावर बसली. मी डोळे मिटून मनातल्या मनात गुण देत होते. इतके चांगले गुण मी कुणालाच दिले नव्हते, आणि सून म्हणून नाही, हे मी माझ्या दिवंगत खिडकीची शपथ घेऊन सांगते. तेवढ्यात ती बोलायला लागली. मला फारसं कळत नाही असं तिला वाटत होतं, म्हणून बोलली असेल. नाहीतर आम्ही दोघी एकमेकींशी भाजी आणि इस्त्री यापलीकडे काही बोलतो कुठे?

"आई, तुमच्या पर्समध्ये मी घरचा पत्ता आणि माझा नंबर घालून ठेवलाय," ती म्हणाली. "तुम्ही कुठेही जा, विसरलात तरी चालेल. मी घ्यायला येईन."

मी डोळे उघडले नाहीत. उघडता येत नव्हते.

मग ती म्हणाली, "महिनाअखेरीला मी नोकरी सोडते. मग दिवसभर आपण दोघीच असू. तुम्हाला एकटीला असं वणवण फिरावं लागणार नाही."

ही नोकरी तिनं किती हौसेनं धरली आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणाला होतात, आमची मुलगी घरात बसणारी नाही. (त्या वेळी ते मला टोचलं होतं.) आणि ती नोकरी ती सोडणार कशासाठी, तर मी एक किटली कुठे गेली ते सांगितलं नाही म्हणून. मी उठून बसले. टाचवालीची अट, माझा शब्द, आगारातली माझी कीर्ती, सगळं बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं, "अगं, मला काही झालेलं नाही. मी गुप्त ग्राहक आहे."

तुमच्या लेकीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "हो आई. आहात ना."

म्हणजे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कलाने घेत होती. मी म्हटलं, मी खरंच आहे. ती म्हणाली, हो, खरंच आहात. मी म्हटलं, मला एजन्सीनं पाठवलंय. ती म्हणाली, बरं झालं पाठवलं. जन्मात मी इतकी हतबल झाले नव्हते. चौकशीच्या खिडकीत खरी वेळ सांगूनही लोक विश्वास ठेवत नसत, पण निदान भांडत तरी. शेवटी मी तिला तिचा रिपोर्टच तोंडी दिला. गिऱ्हाईक दारात आल्याबरोबर सामोरी गेलीस, पूर्ण गुण. कोणत्या कुशीवर झोपता हे विचारलंस, पूर्ण गुण, दुसरे विसरतात. गादी घडी करून दाखवायची होती, दाखवली नाहीस. गादीबरोबर उशी सुचवायची असते, तिचं नावही काढलं नाहीस. (उशीचं हे विसरणं कुठून आलं, ते मी विचारत नाही. व्याह्यांच्या खोकल्याबद्दल वर लिहिलंच आहे.) आणि रांग मोडून नातेवाइकाला आधी घेतलंस, त्याचे गुण कापले आहेत.

तिचा हात माझ्या हातावर तसाच होता, पण चेहरा बदलत गेला. कुशीचा प्रश्न आणि घडी ही त्यांची आतली शिकवण, बाहेरच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाही. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, आणि मग अगदी हळू विचारलं, "आणि किटली?"

"किटली कामाची होती," मी म्हटलं. "दिवा आणि बॅगसुद्धा."

विहीणबाई, मला वाटलं आता ही भांडणार, आणि तिचा हक्कही होता. तशी ती चिडलीही. तुम्हाला शोधायला मी दोनदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली, असं म्हणाली, आणि तिचा आवाज चांगलाच चढला. मी ऐकून घेतलं. पण मध्येच तिला त्या साखर-मिठाच्या चिठ्ठ्या आठवल्या आणि जी हसायला लागली ती थांबेना. तिचं हसणं बघून मलाही आवरेना. गळ्यात ओळखपत्र घातलेली विक्रेती आणि छत्रीसकट गिऱ्हाईक, दोघी त्या गादीवर आडव्या होऊन डोळे पुसतोय. मान वर केली तर ते हॉटेलवाले गृहस्थ डोक्यावर उभे. सूनबाई दचकून उठली. ते शांतपणे म्हणाले, हॉटेलात उतरणारी माणसं अशी हसताना मला कधी दिसली नाहीत, मला हीच गादी द्या. सगळ्या खोल्यांसाठी हीच. (उशा मी सुचवल्या. त्याही घेतल्या.)

त्याच संध्याकाळी मी टाचवालीला सगळं खरं सांगितलं. तिनं तो रिपोर्ट रद्द केला, मला दोन अटी पुन्हा वाचून दाखवल्या आणि फर्निचरच्या दुकानांच्या आसपास फिरकायचं नाही असं बजावलं. काम मात्र राहिलं. पुढच्या आठवड्यात सूनबाईच्या दुकानात दुसरा कुणीतरी गुप्त ग्राहक जाऊन आला आणि त्यानं तिला चांगले गुण दिले. माझ्यापेक्षा कमीच दिले. त्या माणसाला गाद्यांतलं कळत नसावं. सूनबाईची नोकरी पक्की आहे, सोडायचा विषय संपला, आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत ती हल्ली मला फोन करून आज कोणतं दुकान ते विचारते. मी सांगत नाही. ती ओळखते.

तर अशी सगळी हकीकत आहे. मी धडधाकट आहे, डोकं ठिकाणावर आहे, पगार मिळतो. तुम्ही आता निर्धास्त असा. व्याह्यांना नमस्कार. तुम्ही गुडघा जपा.

तुमची,
विहीण

ता. क. वरचं सगळं वाचून झालं असेल, तर आता पत्र लिहायचं खरं कारण सांगते. यातलं एक अक्षरही तुमच्या जावयांना कळता कामा नये. माझी आठवण जात चालली आहे असं त्यांना वाटतं, म्हणून ते हल्ली संध्याकाळी वेळेवर घरी येतात, माझ्याजवळ बसतात, त्यांच्या लहानपणच्या गोष्टी मला मी विसरले असेन म्हणून पुन्हा सांगतात (बऱ्याच चुकीच्या सांगतात, पण मी बोलत नाही), आणि जेवणं झाली की भांडी घासतात. सूनबाईचं मत पडलं की इतक्यात सांगायची घाई नको. तेव्हा त्यांचा फोन आला आणि त्यांनी माझा विषय काढला, तर तुम्ही काही बोलू नका, नुसता एक उसासा टाका.

ता. क. २. वरची विनंती रद्द समजा. पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात चिरंजीव आले आणि म्हणाले, आई, मी विचार केलाय, पुढचा महिनाभर ऑफिसचं काम घरूनच करतो आणि दिवसभर तुझ्यापाशी बसतो. दिवसभर ते घरात बसले तर मी कामाला जाऊ कशी? सूनबाईनं कपाळाला हात लावलाय. तेव्हा कृपा करून पत्र मिळाल्या मिळाल्या तुम्हीच त्यांना फोन लावा आणि ठामपणे सांगा की विहीणबाईंशी बोलणं झालं, दिवसा अगदी ठणठणीत असतात, फक्त संध्याकाळी जरा विसरतात.